तिसऱ्या घरातली फट

बाबांना बोलताना धाप लागते, म्हणून ते आईला हाक मारत नाहीत, माउथ ऑर्गन वाजवतात. तीनच सूर. चौथं घर फुंकून, तेच घर श्वासानं आत ओढून, मग तिसरं घर ओढून त्याचा सूर खाली वाकवायचा, म्हणजे उतरवायचा. घर म्हणजे भोक. बाबांच्या तोंडून भोक हा शब्द मी कधी ऐकला नाही.

खरी हाक तो शेवटचा सूर. जरासा वाकवला तर पाणी हवंय. पार खाली नेला तर इकडे ये, मला बसतं कर. मी एकदा आईला विचारलं होतं, की स्वयंपाकघरातून तुला हा फरक कळतो कसा. "मला कसला कळतोय," ती म्हणाली. "पाय उठतात आपले आपण."

ही हाक आजारपणातली नाही. बाबा दगडी फरश्या घासायच्या मशीनवर काम करायचे. संध्याकाळी जिन्याच्या तळाशी उभं राहून हे तीन सूर वाजवायचे, म्हणजे ते दोन मजले चढून वर येईपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. मशीनची धूळ सत्तावीस वर्षं आत जात राहिली आणि फुप्फुसं कडक झाली. मशीन सुटलं, जिना सुटला, हाक तेवढी राहिली.

गेल्या बुधवारी तिसरा सूर वाकला नाही. सरळच वाजला आणि विरला. बाबांनी पुन्हा ओढला, पुन्हा सरळ. आई तरीही आली, पण बाबांनी माउथ ऑर्गन उशीखाली ठेवला होता.

"संपलं," ते म्हणाले.

"काय संपलं?"

"दम."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते दवाखान्यातल्या श्वासाच्या व्यायामाला गेले नाहीत. सोमवारीही नाही. सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा आई पाटावर पाय वर करून बसली होती. दिवसभर शिवणयंत्राचं पायडल मारून तिच्या पोटऱ्या दगड होतात. तिनं तिथूनच सांगितलं, "व्यायामवाल्या बाईंचा फोन आला होता. तिसरी दांडी झाली की नाव कापणार. वीस माणसं थांबलीयत म्हणे रांगेत."

"म्हणजे परवाच्या गुरुवारी..."

"तेरवाच्या. आज सोमवार आहे, बाई. तू पण गेलीस का कामातून?"

मी बेअरिंगच्या कारखान्यात मापखोलीत काम करते. पदार्थविज्ञान शिकले आणि आता दिवसभर लोखंडी कड्यांची जाडी मोजते. संध्याकाळी डोळ्यांसमोर आकडे तरंगतात आणि वार हरवतात.

बाबांच्या खोलीत गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं.

"बाबा, माउथ ऑर्गन जरा देता?"

"कशाला?"

"बघते, रीडला काही झालंय का."

"त्याला काही नाही झालेलं," ते भिंतीला म्हणाले. "मला झालंय."

मी उशीखाली हात घातला. त्यांनी अडवलं नाही, आणि तेच मला आवडलं नाही. हे वाद्य त्यांनी आजवर कुणाला हातात घेऊ दिलं नव्हतं. मला शिकवलं तेही माझ्यासाठी वेगळा, प्लॅस्टिकचा आणून. माझ्या त्या बाज्याच्या चौथ्या घराची रीड मी बाराव्या वर्षी जोर लावून लावून मोडली होती. सूर आधी आठवडाभर उतरत गेला आणि मग एके दिवशी पट्टी मुळाशीच तडकली. बाबा तेव्हा म्हणाले होते, "ओढून आणलास सूर. बोलावायचा होता."

मी दिवाणखान्यातल्या टेबलावर कागद पसरला आणि झाकणांचे स्क्रू काढले.

आत मधोमध एक लाकडी ठोकळा असतो, कंगव्यासारखा कापलेला. त्याच्या दोन दातांमधली जागा म्हणजे एक घर. ठोकळ्याच्या वर एक पितळी पाटी, खाली एक. पाटीत लांबट चिरा आणि प्रत्येक चिरेवर एका टोकाला रिव्हेटनं जोडलेली पितळेची पातळ जीभ. ती रीड. वरच्या पाटीवरची रीड फुंकल्यावर बोलते, खालच्या पाटीवरची ओढल्यावर. म्हणजे एका घरात दोघी राहतात, पण एका वेळी एकच बोलते. निदान त्या सोमवारी मला तसं वाटत होतं.

रीड पाटीवर अगदी सपाट नसते. तिचं मोकळं टोक किंचित उचललेलं असतं आणि त्याखाली बारीक फट राहते. फट फार मोठी असली तर हवा नुसतीच निसटते, रीड हलायला पुष्कळ दम लागतो. फट फार लहान असली तर जोरात ओढल्यावर रीड चिरेत जाऊन बसते आणि गप्प होते.

मी मापखोलीतून पात्यांचं माप आणलं होतं. वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांची जुडी असते ती. कुठलं पातं फटीत अलगद बसतं ते बघायचं. बाबांच्या तिसऱ्या घराची ओढायची रीड: अर्धा मिलिमीटर. माझा प्लॅस्टिकचा बाजा काढून त्याचीही मोजली. पाव मिलिमीटर.

दुप्पट. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मला स्वतःचाच संशय आला. आपल्याला हवं तेच उत्तर मिळालं की माप दुसऱ्यांदा घ्यायचं असतं. मी घेतलं. अर्धाच.

मग वाद्य पुन्हा जोडलं आणि वाजवून बघायला जिन्यात गेले, दार लोटून घेऊन. तिसरं घर ओठांत धरलं, ओढलं, जीभ मागे घेतली. नाही वाकला. पुन्हा. तिसऱ्या वेळी पोटापासून ओढलं, कानांत दडे बसले, आणि सूर खाली घसरला. चांगला खोल घसरला. वाद्य वाजत होतं. वाकत होतं.

मी पायरीवर बसून राहिले. शेजारची बाई पिशव्या घेऊन वर चढत होती. "काय ग, किल्ली विसरलीस?" "नाही, अशीच." तिलाही थांबून चौकशी करायचं त्राण नव्हतं. ती गेली.

मनाशी ठरवलं की बाबांना सांगायचं नाही. दार ढकलून आत आले तर ते या कुशीवर वळलेले होते.

"वाकला ना?"

पातळ दार.

"वाकला."

"मग झालं तर," असं म्हणून ते पुन्हा भिंतीकडे वळले.

*

मंगळवारी कारखान्यात मी एकच खेप चुकीची नोंदवली आणि साहेबांनी ती दहा वेळा दाखवली. पण दुपारी कधीतरी, सत्तराव्या कड्याला, माझ्या लक्षात आलं की मी सोमवारी काहीच मोजलेलं नव्हतं. वाकला की नाही, एवढंच बघितलं होतं. किती जोर लागला, हे कुठे बघितलं? माझ्या फुप्फुसांनी वाकतो म्हणजे वाद्य धड आहे, आणि वाद्य धड आहे म्हणजे बाबा संपले, असा मी सरळ हिशेब लावला होता. अशी नोंद आमच्या मापखोलीत कुणी केली असती तर तिचा कागद मीच फाडला असता.

संध्याकाळी मी पुन्हा कागद पसरला. फट कमी करायची होती. ओढायची रीड खालच्या पाटीच्या बाहेरच्या अंगाला असते, त्यामुळे काम सोपं. लाकडी दातकोरणीनं तिला मुळाजवळ हलकेच आत दाबलं, मोजलं, दाबलं, मोजलं. पाव मिलिमीटरवर थांबले.

आई दारात आली. "चाललंय काय?"

"रीड खाली करतेय. कमी दमात बोलेल."

"त्यांना कळलं तर?"

"वाद्यच तर नीट करतेय."

एका पायावरचा भार आईनं दुसऱ्या पायावर घेतला आणि आत गेली.

बाबांनी माउथ ऑर्गन घेतला तो माझ्यावर उपकार म्हणून. चौथं फुंकलं, चौथं ओढलं. तिसरं ओढलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या, कारण सूर लगेच आला, ओठ लागताच. मग त्यांनी तो वाकवायला घेतला. गालांची पोकळी झाली, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. सूर थरथरला, जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा. नंतर खोकल्याची उबळ आली आणि आईनं येऊन पाठ धरली.

"बास," आई मला म्हणाली. "प्रयोग बास आता."

मी वाद्य घेऊन बाहेर आले. फट बरोबर होती. रीड बरोबर होती. माप माझं होतं. मग चूक उरली ती एकाच ठिकाणी. त्या रात्री मी जेवले नाही असं काही नाही, जेवले. पण आईनं दोनदा भाजी वाढली ती मला कळली नाही.

*

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी अर्धा तास जास्त मागून घेतला आणि भातेवाल्या बाईंकडे गेले. बस स्टँडच्या मागे त्यांचं एका खिडकीचं दुकान आहे. अकॉर्डियनचे भाते शिवतात, पेट्या दुरुस्त करतात, म्हणून नाव भातेवाली. वय पंचाहत्तर तरी असेल. दुकानात तीन अकॉर्डियन पोट उघडं टाकून पडलेले होते आणि बाई त्यांच्या मधोमध डबा खात होत्या.

"कोण?"

मी बाबांच्या मशीनचं आणि जिन्यातल्या हाकेचं सांगितलं.

"फरशीवाला! जोरात वाजवणारा. चांगला होता बाजा, बडवून बडवून वाजवायचा." त्यांनी हात पुसले. "आण इकडे. काय केलंस?"

"तिसऱ्या घराची ओढायची रीड अर्ध्यावरून पावावर आणली. सरळ सूर सुटतो. वाकत मात्र नाही."

"आणि फुंकायची?"

"फुंकायचीचा काय संबंध? सूर ओढूनच वाकवतात ना?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं. "शिकलीस किती?"

"पदवी झालीय. पदार्थविज्ञान."

"तरीच. तुम्ही शिकलेले जो बोलतो त्यालाच धरता."

त्यांनी दोन्ही झाकणं काढली. नुसत्या पाट्यांसकट वाद्य तोंडाला लावलं आणि तिसरं घर ओढलं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईत तेवढा दम कुठून आला, देव जाणे. सरळ सूर.

"आता बघ." त्यांनी वरच्या पाटीवर, तिसऱ्या घराच्या चिरेवर बोट ठेवून ती झाकून टाकली. म्हणजे फुंकायची रीड बंद. पुन्हा ओढलं. सूर तसाच, उलट जास्त स्वच्छ.

"बरोबर," मी म्हणाले. "ओढताना तिचं कामच नाही."

"थांब ग." बोट तसंच ठेवून त्यांनी सूर वाकवायला घेतला. बाबांकडून आला होता तोच आवाज आला. थरथर. जागचा हलेना. मग त्यांनी बोट उचललं आणि सूर तत्क्षणी खाली उतरला, जिन्यावरून उतरल्यासारखा. पार तळाशी गेल्यावर त्यांनी तोच सूर धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट खालच्या पाटीवर, ओढायच्या रीडवरच टेकवलं. तिला दाबून गप्प केलं.

सूर थांबला नाही. खालचा, भरलेला, तसाच चालू राहिला.

मी दोन्ही पाट्या बघत राहिले. एक रीड बाईंच्या बोटाखाली मेलेली होती आणि सूर चालू होता.

"कोण बोलतंय?" बाईंनी तोंड पुसत विचारलं.

"फुंकायची."

"मग! घरात दोघी आहेत. ओढायची उंच सुराची, फुंकायची खालच्या. सूर वाकवतोस म्हणजे काय करतोस, तर तोंडाची पोकळी मोठी करून उंच सुराच्या रीडला खाली खेचतोस. ती थोडी उतरते आणि दमते. मग खालची उठते आणि तिच्या हातातलं काम घेते. तिची फट मोठी असली तर तिला जाग येत नाही. तू एकीला तयार केलंस, दुसरीला सांगितलंच नाहीस."

मला 'वाकवतोस' म्हणालेल्या त्या बाईंना मी दुरुस्त केलं नाही. त्या बाज्याशीच बोलत होत्या.

"आणि हे काय?" त्यांनी नख ठोकळ्यावरून फिरवलं. "लाकूड फुगलंय. वाफ घेतात का ते?"

"दिवसातून दोनदा. आणि ऑक्सिजन पाण्यातून येतो."

"ओल पितंय लाकूड, मग वाळतंय. उंचसखल झालं. पाटी आणि लाकडाच्या मधून हवा पळते. आधीच माणसाकडे मूठभर हवा, त्यातली निम्मी ही खाते. काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेव, ठोकळा त्यावर आठाच्या आकड्यात घास, सपाट होईपर्यंत. फरशीवाल्याला जमेल की ते."

"त्यांनी सोडून दिलंय सगळं."

बाईंनी वरची पाटी उजेडात धरली. मग म्हणाल्या, "या रीडा कुणी वर उचलल्यात, माहीत आहे? दुकानातून अशा येत नाहीत."

मला हे सुचलंच नव्हतं.

"त्यानंच. जोरात ओढणाऱ्याची रीड चिरेत बसते, म्हणून असले लोक फट वाढवून घेतात. हा बाजा तीस वर्षांच्या दांडग्या माणसाच्या मापाचा आहे. बिघडलेला नाही. पोराचा सदरा बापाला, असं झालंय. नाही, बापाचा पोराला... जा, मला जेवू दे."

*

संध्याकाळी मी ठोकळा घासला. आठाच्या आकड्यात, काचेवर, पेपर भुऱ्या रंगाचा होईपर्यंत. हातात तीच हालचाल होती जी लहानपणी बाबांच्या मशीनची बघितली होती, गोल गोल आणि पुन्हा गोल. नाकातोंडाला रुमाल बांधून घेतला. पाट्या सुट्या करून फुंकायची रीड चिरेतून अलगद बाहेरच्या अंगाला ओढली, पावाच्याही थोडी खाली. तिसऱ्याबरोबर पहिलं, चौथं, पाचवं घरही करून टाकलं. दुसऱ्याकडे वळणार तेवढ्यात आई म्हणाली, "आठला ते झोपतात. द्यायचं तर आत्ता दे."

आई माझ्यामागून खोलीत आली आणि खुर्चीत बसली. ती सहसा बसत नाही.

"बाबा, एकदाच."

"तू काल पण एकदाच म्हणालीस."

"काल माझी चूक झाली होती. एकच रीड केली होती."

हे त्यांना पटलं की नाही कुणास ठाऊक, पण 'चूक' या शब्दानं त्यांनी हात पुढे केला. वाद्य तोंडाला लावलं आणि सरळ तिसरं घर ओढलं, जसे आयुष्यभर ओढत आले तसं, असेल नसेल तेवढ्या दमानं.

काहीच वाजलं नाही. टक् असा बारीक आवाज, मग शांतता.

"आता तर मेलाच," बाबा म्हणाले.

रीड चिरेत बसली होती. जोरात ओढणाऱ्याची बसते, बाईंनी सांगितलं होतं. मी बाबांकडे जोर नाही असं धरून चालले होते आणि त्यांनी होता तेवढा सगळा एका क्षणात लावला होता.

"हळू ओढा," आई खुर्चीतून म्हणाली.

"हळू ओढून सूर वाकतो का? तुला काय कळतंय!"

"मला वाजवण्यातलं नाही कळत. पण तुम्ही दार उखडायला निघाल्यासारखे ओढताय. गरम चहा पितात तसं ओढा."

"चहा पितात तसं!" बाबांना हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. तो थांबेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी, बहुतेक आईला खोटं पाडायलाच, बशीतला चहा ओढावा तसं तिसरं घर ओढलं.

सूर आला, बारीक. बाबांचे डोळे मिटलेले होते. गळ्याची घाटी खाली गेली, जीभ मागे गेली असणार. सूर उतरायला लागला. एका जागी अडला. मी श्वास धरला; खरंतर खोलीत श्वासाची गरज एकालाच होती. मग खालची रीड जागी झाली. मला ते ऐकू आलं, म्हणजे आता काय ऐकायचं हे माहीत होतं म्हणून आलं: आवाजाचा पोतच बदलला, सूर भरला आणि तळाला जाऊन टेकला. दोन सेकंद असेल.

आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

"काय हवंय?" तिनं विचारलं.

"कुठे काय?"

"मग हाक कशाला मारलीत?" तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि पुन्हा बसली. "पायांचं काय करू मी या."

बाबांनी आणखी दोनदा वाजवलं. एकदा आला, एकदा नाही. मग वाद्य पालथं करून ते झाकणाच्या फटीतून आत बघायला लागले, डोळा बारीक करून.

"किती खाली केलीस?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत असायला हवं होतं. रीडा त्यांनीच उचलल्या होत्या. त्यांना मी थाप मारून फसवू शकत नव्हते. 'जराशी' म्हणावं असं जिभेवर आलंही. आई माझ्याकडे बघत होती.

"अर्ध्या मिलिमीटरवरून पावावर," मी म्हणाले. "फुंकायची त्याहून थोडी खाली."

"निम्मं."

"हो."

"म्हणजे माझा दम निम्मा झाला."

"फट निम्मी झाली, बाबा. दमाचं मी मोजलेलं नाही. ते व्यायामवाल्या बाई मोजतात."

बाबा अंगठ्यानं झाकणावरचा ओरखडा पुसत होते. तो पुसला जाणारा नव्हता.

"मी तरुण होतो तेव्हा मशीनच्या आवाजावर वाजवायचो," ते म्हणाले. "रीड सारखी अडकायची. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत ब्लेडनं सगळ्या वर केल्या. लय रुबाब वाटला होता." मध्ये तीनदा श्वास घ्यायला थांबले. "सगळी घरं केलीस?"

"पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. दुसरं राहिलंय. उद्या करते."

"नको."

"का?"

"दुसरं तसंच राहू दे. जुन्याच फटीचं." त्यांनी वाद्य उशीखाली न ठेवता छातीवर ठेवलं. "सगळंच सोपं केलंस तर मला कळणार कसं, कुठे आहे मी?"

असा युक्तिवाद मी मापखोलीत रोज करते. तुलनेला एक कडं न घासलेलं ठेवायचं असतं. आई म्हणाली, "झालं? आता झोपा."

*

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेब म्हणाले, पुन्हा? मी म्हणाले, पुन्हा. आणखी बोलायचा कंटाळा दोघांनाही आला होता.

घरी पोचले तेव्हा बाबा पलंगाच्या काठावर बसले होते, दाढी केलेली, पायात बूट. बूट आईनं चढवले होते. त्यांनी खिशातून माउथ ऑर्गन काढला, दुसरं घर ओठांशी धरून ओढलं. सूर निघालाच नाही, नुसता वारा. वाकवायची गोष्टच लांब.

"नाही," ते म्हणाले, तापमान वाचून सांगावं तसं. वाद्य खिशात घातलं. "चल."

छोटा सिलिंडर माझ्या खांद्याला, त्याची नळी त्यांच्या नाकाला. चौतीस पायऱ्या. अकराव्या पायरीवर ते थांबले, सोळाव्यावर बसले. तिथे मधला चौथरा आहे आणि भिंतीला पाठ टेकता येते. शेजारची बाई पिशव्या घेऊन वर येत होती. अंग चोरून गेली.

"परत वर जाऊ या का?" मी विचारलं. मला खरोखर वर जायचं होतं. माझेही खांदे भरून आले होते, आणि व्यायामाच्या वर्गाला वीस मिनिटं उरली होती.

बाबांनी मान हलवली. श्वास जागेवर यायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. मग त्यांनी खिशात हात घातला. चौथं फुंकलं. चौथं ओढलं. तिसरं, चहा पितात तसं, ओढलं आणि खाली नेलं. जिन्यात आवाज घुमतो, तो निम्म्या फटीचा सूर होता त्याहून मोठा वाटला.

वर दार उघडलं. कठड्यावरून आईचं डोकं दिसलं.

"काय विसरलात?"

बाबांना उत्तर द्यायला दम नव्हता. त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"काही नाही," मी वर ओरडले. "जातोय, एवढंच सांगितलं."

"मग जा ना!" आई म्हणाली. "माझा चहा उतू जातोय."

बाबांनी कठडा धरला आणि सतराव्या पायरीवर पाय ठेवला.